पांढऱ्या प्लेटचा पिकअप

६ जानेवारी, सोमवार

भीमराजने टेम्पो विकला. सकाळी येऊन दारात उभा राहूनच सांगितलं, चहालासुद्धा आत आला नाही. त्याला शाळेच्या बसवर ड्रायव्हरची नोकरी लागली आहे. पगार वेळेवर, रविवारी सुट्टी, मे महिन्यात आराम. एकाची नोकरी जाते, दुसऱ्याला लागते, असा ह्या देशात समतोल राखला जातो. मी त्याचं मनापासून अभिनंदन केलं आणि दार जरा जोरातच लागलं.

भीमराज गेला म्हणजे माझ्या बायकोच्या, नलिनीच्या छंदाची वाट लागली. तीन वर्षांपूर्वी गॅलरीत कुंड्या मावेनात म्हणून तिने एका दातांच्या डॉक्टरला चार कुंड्या भाड्याने दिल्या, तिथून हे सुरू झालं. आता मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत कितीतरी ऑफिसांत तिची झाडं आहेत. आठवड्याला भीमराजच्या टेम्पोतून दमलेली झाडं परत आणायची, टवटवीत नेऊन ठेवायची. एसीत माणसं वर्षानुवर्षं टिकतात, झाडं टिकत नाहीत. त्यासाठी तिने आमच्या गल्लीतला पिठाच्या बंद गिरणीचा गाळा आणि मागचं अंगण घेतलंय. छंद चांगला आहे. गेल्या जूनपासून किराणा, वीज आणि श्रुतिकाची कॉलेजची फी ह्या छंदातूनच जाते, पण शेवटी छंद तो छंद.

जूनमध्ये मी कंपनी सोडली. म्हणजे कंपनी आधी महाराष्ट्र सोडून गेली, एवढाच तपशिलाचा फरक. मरोळला तेवीस वर्षं खरेदी विभागाचा व्यवस्थापक होतो.

दुपारी जेवताना नलिनी म्हणाली, रोज भाड्याचे टेम्पो शोधण्यापेक्षा आपलाच एक जुना पिकअप घेऊ. नवं काम मिळालंय, अख्खी पाच मजली इमारत, तीन फेब्रुवारीपासून. गाडी आता रोजच लागणार. मग जरा थांबून तिने विचारलं, "रोज तुम्ही चालवाल ना?"

म्हटलं, त्यात विचारायचं काय? खरेदी हा माझा विषय, गाडी चालवणं हा माझ्या हातचा मळ. निवड माझ्यावर सोड.

इमारत कुठे आहे तेही विचारलं. मरोळला, माझ्या जुन्या कंपनीच्या फाटकाच्या अगदी समोर, ती नवी काचेची. मी पुन्हा भात घेतला नाही. आज जेवण जरा जडच झालं होतं.

८ जानेवारी, बुधवार

दोन दिवस मोबाइलवर पिकअपचे व्हिडिओ बघतोय. एक पंजाबी माणूस फक्त टायरांवर तासभर बोलतो आणि ऐकवतं.

माझं मत पक्कं झालं. गाडी रोजच्या वापराची हवी. रोजच्या वापराची म्हणजे कुंड्याही नेल्या पाहिजेत आणि कुणाच्या लग्नालाही नेता आली पाहिजे. म्हणजे पुढे-मागे सीट असलेली, एसीवाली, आणि मुख्य म्हणजे पांढऱ्या नंबरप्लेटची. पिवळी प्लेट असली की माणूस कोण आहे हे सिग्नलवरच्या फुगेवाल्यालाही कळतं. काच खाली करून पोलीस "ए टेम्पो" म्हणतो. मला स्वतःला काही फरक पडत नाही. पण श्रुतिकाला उद्या स्थळं येतील.

श्रुतिका बाजूलाच होती. ती म्हणाली, तिला स्थळं नकोयत आणि पिवळा रंग आवडतो.

नलिनीची अट एकच, मागचा हौदा बुटका हवा. ओल्या मातीची कुंडी वर चढवावी लागते म्हणे. मी तिला समजावलं की खरेदी करताना एवढ्या बारीक गोष्टींत शिरायचं नसतं.

११ जानेवारी, शनिवार

गोवंडीला गेलो. हर्षद नावाच्या माणसाचं जुन्या गाड्यांचं आवार आहे. प्रत्येक गाडी "फक्त एका म्हाताऱ्या डॉक्टरने चालवलेली" होती. मुंबईतले म्हातारे डॉक्टर एवढे माल वाहत असतील असं वाटलं नव्हतं.

एक छोटा पिकअप बरा निघाला, हे मान्य करतो. सीएनजी, एकच मालक, पत्र्याला गंज नाही, कागद स्वच्छ. आधीचा मालक अंडी पोचवायचा. अंडीवाला गाडी हळू चालवतो, हा हर्षदचा मुद्दा मला खोडता आला नाही. मी एक फेरी मारली. इंजिन शांत, ब्रेक नीट.

मग नलिनी ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसली. क्लच दाबून पाहिला, सोडला, पुन्हा दाबला, आरशात पाहिलं, सीट पुढे सरकते का विचारलं. बायकांना नव्या वस्तूला हात लावून बघायची हौस असते. मी हर्षदकडे पाहून हसलो, तो हसला नाही. मागे जाऊन तिने फाळका खाली पाडला, हौद्याच्या कडेला कंबर टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, "हा बरोबर बसतोय."

मी नकार दिला. कारणं अनेक. अंड्यांचा वास येतो. नलिनी म्हणाली, येत नाही. मला येतो. शिवाय दोघांचीच केबिन. आणि नंबरप्लेट पिवळीधमक, वर बोनेटवर लाल अक्षरात "आईचा आशीर्वाद". कुणाच्या आईचा, तेही माहीत नाही.

परत येताना रिक्षात नलिनी काही बोलली नाही. पटलं असावं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. संध्याकाळी समोरच्या माणिकवहिनी तिळगूळ घेऊन आल्या. कुडाळच्या आहेत, पोटात एक आणि ओठांवर तेच. पाट मिळायच्या आत त्यांनी विचारलं, "भावजी, हल्ली काय करतास?"

मी लाडू तोंडात घातला होता, त्यामुळे बोलता येईना. नलिनी पटकन म्हणाली, "कन्सल्टिंग करतात ते. कामं असतात घरूनच."

माणिकवहिनींनी एवढी मोठी मान डोलावली की कन्सल्टिंग म्हणजे काय हे त्यांना कळलेलं नाही हे मला कळलं. नलिनी खोटं बोलली असं मी म्हणणार नाही. पिकअप कुठला घ्यावा ह्याबद्दल मी सध्या सल्लाच देतोय, फी मिळत नाही एवढंच. स्वतःच्या पाच मजली कामाबद्दल मात्र ती अवाक्षर बोलली नाही. धंदा करायचा तर स्वतःची जाहिरात करता आली पाहिजे, हे तिला कधी जमणार?

ती हल्ली पहाटे चालायला जाते. आठवडा झाला असेल. चांगलं आहे, ह्या वयात व्यायाम हवा. फक्त तिचा डावाच पाय दुखतो. रोज रात्री डाव्याच पोटरीला तेल लावत बसते. मी म्हटलं, दोन्ही पायांनी चालत जा.

१९ जानेवारी, रविवार

आजचा दिवस माझा.

बोरिवलीला धवल नावाच्या मुलाकडे गेलो. बापाचा बांधकामाचा धंदा, मुलाचा गाड्या बदलण्याचा. त्याचा पिकअप पाहिला आणि मी खाली उभा होतो तो तसाच उभा राहिलो. काळा, उंच, पुढे-मागे सीट, आत कातडी, छताला खिडकी. पांढरी प्लेट. हौद्यात आजवर सायकलीशिवाय काही गेलेलं नाही. धवल म्हणाला, ह्यात बसलं की लोक रस्ता देतात.

मी चालवला. लोकांनी रस्ता दिला. त्यांच्या गल्लीत वळताना तीन रिक्षावाल्यांना, एका इडलीवाल्याला आणि एका झोपलेल्या कुत्र्याला तो द्यावाच लागला, कारण गाडी गल्लीएवढीच रुंद आहे. पण हा गल्लीचा दोष. वर बसल्यावर मुंबई कशी खालून जाते. मरोळच्या रस्त्यावर ही गाडी घेऊन शिरलो तर फाटकावरचा मनुष्य आधी सलाम ठोकेल आणि मग विचारेल, कोणाला भेटायचंय. मागे काय आहे ते बघायला कोण जातंय?

नलिनीने घरून येताना रिक्षात एक कुंडी आणली होती. मला वाटलं धवलच्या आईला द्यायला. तिने धवलकडून फाळका उघडून घेतला, कुंडी उचलली आणि हौद्यात ठेवायला गेली. हौदा तिच्या छातीपर्यंत येतो. कुंडी छातीशी टेकली, तिथून वर जाईना. तिने पाय रोवून पुन्हा उचलली. मग खाली ठेवली, हात झटकले. पदरावर ओली माती लागली होती ती पुसत म्हणाली, "छान आहे गाडी."

झालं. तिलाही आवडली. धवलला म्हटलं, तुझी गाडी माझी समज, दोन-चार दिवसांत कळवतो. कुंडी परत येताना रिक्षात माझ्या मांडीवर होती.

२३ जानेवारी, गुरुवार

श्रुतिकाने आज मला स्वयंपाकघरात गाठलं. नलिनी गाळ्यावर होती.

"बाबा, धवलची गाडी घेऊ नकोस."

"का? आईला आवडलीय."

"तिला ती कुंडी वर चढवता आली नाही. तू तिथेच उभा होतास ना?"

"ती स्वतः छान म्हणाली."

"आई तुला सगळंच छान म्हणते," ती म्हणाली. "जूनपासून तर जास्तच."

टोमणा होता की कौतुक, तेच कळलं नाही. हल्लीच्या मुलींना नीट टोमणासुद्धा मारता येत नाही. पुढे म्हणाली की गाडी कसलीही असो, जायचं तुझ्या जुन्या कंपनीसमोरच आहे, तिथे तू जाशील का ते आधी आईला सांग. मी म्हटलं, कंपनी कुठे आहे आणि पिकअप कुठला घ्यायचा ह्याचा काही संबंध आहे का? तिने माझ्याकडे पाहिलं, मग गॅस बंद केला. दूध उतू जात होतं. मी तिथेच उभा असूनही दिसलं नाही म्हणे.

२६ जानेवारी, रविवार

धवलने गाडी विकली. मिरारोडच्या एका जिमवाल्याला. फोन केला तर म्हणाला, "अंकल, तुमी तर बोललेच नाय काय." मी शब्द दिला होता. शब्दाला आता कोण विचारतं? माणसं रोख बघतात.

बातमी सांगितली तेव्हा नलिनी मोगऱ्याची कलमं लावत होती. "अरेरे," एवढंच म्हणाली आणि पुढचं कलम घेतलं. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण खांदे सैल झाल्यासारखे वाटले. दुःखाने होतं असं.

२९ जानेवारी, बुधवार

अजून दोन गाड्या पाहिल्या. घाटकोपरची बाहेरून नवी होती, आतून पूर येऊन गेलेली. सीट उचलल्यावर खाली एवढा गाळ की नलिनी म्हणाली, ह्यात अळू चांगला येईल. अंधेरीच्या गाडीचा मीटर सांगत होता की गाडी फारशी चाललीच नाही, आणि पेडलचं रबर सांगत होतं की काश्मीरला जाऊन आली. ही गोष्टही नलिनीनेच दाखवली. चालायला जाऊन हिची नजर फार तयार झाली आहे.

रात्री जेवल्यावर ती म्हणाली, "हर्षदकडची अजून तिथेच आहे. ती आणूया का?"

मी सगळी कारणं पुन्हा सांगितली, नीट क्रमाने. घाईत केलेली खरेदी महागात पडते. फेब्रुवारीत बाजार पडतो, तेव्हा पाहू. सोमवारपुरता कुणाचा तरी टेम्पो सांग. ती ऐकत होती. वाद घातला नाही. तेवीस वर्षं विक्रेत्यांना गप्प केलंय मी, कौशल्य असं जात नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

"सोमवारच्या गाडीची सोय झाली," नलिनी म्हणाली.

"आणि ड्रायव्हर?"

"त्याचीही झाली."

बरं वाटलं. मीच गेलो असतो, पण सोमवारी मला बँकेत केवायसीचं काम आहे. गेले चार महिने राहिलंय, आता पुढे ढकलणं धोक्याचं.

३ फेब्रुवारी, सोमवार

अंग ठणकतंय, तरी लिहितो.

सकाळी सातला गॅलरीत चहा घेत उभा होतो. गाळ्यासमोर एक पिकअप उभा. बोनेटवर लाल अक्षरं. तोच, आईचा आशीर्वाद. हौद्यात कुंड्या गच्च भरून, वर जाळी घट्ट बांधलेली. भीमराज बसवर जायच्या आधी येऊन जाळी बांधून गेला, हे नंतर कळलं. श्रुतिका डाव्या बाजूने आत चढली. नलिनी उजव्या बाजूने. मला वाटलं, ड्रायव्हर यायच्या आत जागा धरून बसली असेल. मी ड्रायव्हर कुठून येतोय ते बघत राहिलो. तेवढ्यात इंजिन सुरू झालं, उजवा हात बाहेर आला, मागून येणाऱ्या स्कूटरला थांबवलं, आणि गाडी गल्लीतून सावकाश, एकदाही न अडखळता, मोठ्या रस्त्याला लागली.

चहा निवला. पहाटेचं चालणं आणि क्लचने दुखणारी डावी पोटरी मला तिथे उभ्याउभ्या समजली. लायसन्स तिने माझ्याबरोबरच काढलं होतं, लग्नानंतर, फोटो बरा आला म्हणून जपून ठेवलेलं. वाटलं, फक्त फोटोच जपलाय.

बँकेत गेलो नाही. पेपर वाचत बसलो. एकच पान बराच वेळ पुरलं.

अकराच्या सुमारास श्रुतिकाचा फोन. सामानाची लिफ्ट बंद आहे, साहेबांची लिफ्ट कुंड्यांना देत नाहीत, आणि सांगितलेले दोन हमाल आलेच नाहीत. आई जिन्याने चढवतेय. दुपारी त्यांच्या मोठ्या साहेबांची भेट आहे, त्याआधी सगळं लागलं पाहिजे, नाहीतर काम काढून घेतील.

"मग मी येऊ?" मी विचारलं.

"आई म्हणते, बाबाला फोन करू नकोस. म्हणून केला."

रिक्षा केली. पवईपर्यंत मी स्वतःला समजावत होतो की मरोळला माणसं कामात असतात, रस्त्यावर कोण बघतं? पवईनंतर टोपी कपाळावर ओढली. धुळीचा मास्कही लावला. धूळ खरंच असते तिथे.

समोर माझं जुनं फाटक. बोर्ड काढलेला, त्याच्या जागी चौकोनी फिकट डाग. इतके महिने मी ज्याला टाळत होतो ते एवढंच निघालं. आत कुणीतरी फरशांचं गोदाम केलंय.

नलिनी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसली होती, शेजारी पामची कुंडी. केस कपाळाला चिकटलेले. मला पाहून ती उठली नाही, आश्चर्यही दाखवलं नाही.

"बँकेचं काम?" तिने विचारलं.

"झालं." मग म्हटलं, "नाही झालं. तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुम्हाला ह्या रस्त्यावर यायचं नव्हतं ते मला पहिल्या दिवशीच कळलं. भात घेतला नाहीत तेव्हा." पदराने तिने मान पुसली. "गाड्या नाकारत बसलात तोवर मी पहाटे क्लासच्या गाडीवर हात बसवून घेतला. तुम्ही कधी सांगितलंत मला?"

जिन्यात आवाज घुमतो. खालून कुणी ऐकत नाही ना हे मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे तिने पाहिलं.

मी कुंडी उचलली. ओल्या मातीची कुंडी किती जड असते ह्याची मला आजवर केवळ कल्पना होती, तीही चुकीची. तिसऱ्या फेरीला गुडघे वेगवेगळ्या दिशांना जायला लागले. पामचं झाड धरलं की समोरचं काही दिसत नाही, समोरच्यालाही आपण दिसत नाही. ही सोय मला फार आवडली होती. अशाच एका फेरीत वरून ओळखीचा आवाज आला. सौरभ. माझ्या विभागातला, माझ्या हाताखाली तयार झालेला. गळ्यात ह्याच इमारतीचं ओळखपत्र, कानाला फोन. मी पानांमागे भिंतीला चिकटलो. तो मला ओलांडून गेला. "जरा बाजूला घ्या, मामा," एवढं म्हणाला.

वाचलो. ह्याच गोष्टीला मी महिनाभर घाबरत होतो, आणि ती अशी सुखरूप टळली. एक पायरी चढलो. मग डोक्यात तिडीक उठली. मामा? आठ वर्षं ह्याच्या प्रत्येक रजेवर मी सही केली. ह्याच्या लग्नात मी दोन तास उभा होतो, जेवण संपलं तरी. आणि हा मला मामा म्हणून पुढे जातो?

कुंडी खाली ठेवली. मास्क काढला. "सौरभ," मी हाक मारली, विभागात मारायचो तशी.

तो जागीच वळला. फोन कानावरून खाली आला. "परब सर? तुम्ही इथे कसे?"

कन्सल्टिंग हा शब्द जिभेवर तयार होता. वरच्या पायरीवर नलिनी दोन मनी प्लांट घेऊन थांबली होती आणि मुद्दाम भिंतीकडे बघत होती. मी काहीही बोललो असतो तरी तिने ऐकलंच नाही असं दाखवलं असतं, ह्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

"ह्या कुंड्या आमच्या आहेत," मी म्हटलं. "ही माझी बायको, नलिनी. धंदा हिचा आहे. मी आजच लागलोय. खाली अजून बरंच सामान आहे, तू आहेस मोकळा?"

सौरभने फोनवरच्या माणसाला नंतर करतो म्हणून सांगितलं. मग फोन खिशात टाकला, बाह्या वर केल्या आणि पामची दुसरी बाजू धरली. विभागात असताना हा मुलगा कधी सांगितल्याबरोबर उठला नव्हता.

चौथ्या मजल्यावर दम खाताना तो म्हणाला, कंपनी गेल्यावर त्याने दोन महिने घरी सांगितलंच नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचा आणि पवई तलावापाशी बसायचा. बायकोला शेवटी भाजीवाल्याकडून कळलं. हे सांगताना तो कुंडीतली पानं नीट करत होता. मी आठ वर्षांत त्याला धीराचं असं काही बोललो नसेन, आजही सुचलं नाही. म्हटलं, "पाठीने नको उचलू, गुडघ्यात वाक." माझं ज्ञान एका तासाचं होतं, पण खरं होतं.

भेटीच्या आधी सगळं लागलं. मोठे साहेब आले, झाडांकडे न बघता गेले. म्हणजे पसंत पडली असावीत.

श्रुतिका तिथून कॉलेजला गेली. मी नलिनीच्या शेजारी बसून परत आलो. गांधीनगरच्या चढावर गाडी बंद पडली, मागे हॉर्नचा गोंगाट. माझ्या तोंडात निदान पाच सूचना आल्या होत्या. मी खिडकीतून बाहेर बघितलं. तिने पुन्हा सुरू केली, गाडी वर निघाली.

"बोललात नाही काही," ती म्हणाली.

"कन्सल्टिंग बंद केलंय," मी म्हटलं.

ती हसली की नाही ते बघितलं नाही. रस्त्यावर लक्ष ठेवायला दोन माणसं लागतात त्या चढाला.

बाकी वास येत नाही गाडीत. मी नीट हुंगून पाहिलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल दिवसभर पाठीवर झोपलो होतो. माणिकवहिनी शेक द्यायची पिशवी घेऊन आल्या आणि कन्सल्टिंगमध्ये एवढी पाठ कशी धरते असं विचारलं. मी सांगितलं, कुंड्या वाहिल्या. पिकअप घेतलाय, खाली उभा आहे तो आमचाच. त्या गॅलरीत जाऊन बघून आल्या. मला वाटलं आता संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळेल. कळलं, दुपारच्या आतच. तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी विचारलं, गणपतीला मूर्ती आणायला द्याल का? एवढ्यासाठी मी महिनाभर झोपलो नव्हतो.

आज सकाळी मी चालवली, घाटकोपरपर्यंत. नलिनी शेजारी बसून सूचना देत होती. महिन्यापूर्वी जिला गिअर कुठे असतो आठवत नव्हतं ती मला क्लच अर्धवट ठेवू नका म्हणाली. अपमान वाटायला हवा होता. ती बरोबर होती, त्यामुळे तेही जमलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा मरोळ. जाताना पवईपर्यंत मी, पुढे ती. असं काही ठरलेलं नाही, पवईला मला चहा लागतो आणि तिला थांबलेलं आवडत नाही, म्हणून तसं झालं. सामानाची लिफ्ट चालू झालीय.

फाळका पाडून दोघं कुंड्या उतरवत होतो. तेवढ्यात मागे एका पाहुण्याची लांबलचक गाडी येऊन उभी राहिली. ड्रायव्हरने हॉर्न दाबला तो दाबलाच. समोरच्या गोदामातली माणसंही बघायला लागली. वॉचमन काठी आपटत आला. गाडी बाजूला घ्या, म्हणाला, साहेबांना आत जायचंय.

"ड्रायव्हर कोण आहे ह्याचा?"

"मी," मी म्हटलं. नलिनीनेही त्याच वेळी "मी" म्हटलं.

वॉचमनने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. म्हणाला, एक काय ते ठरवा, माझी नोकरी जाईल.

चावी तिच्याजवळ होती. ती चढली, आरसा पाहिला आणि गाडी मागे घेतली. मी रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात दाखवत होतो, येऊ दे, येऊ दे, अजून, बस. तिला माझी गरज नव्हती. मग मी कुंडी उचलली आणि आत गेलो.